घटाशेजारचा पाट

पास्कल त्रिभुवन गुरुजींना आयुष्यभरात जेवढी पत्रं आली, त्यांतल्या एकाचं उत्तर त्यांनी कधी दिलं नव्हतं. बाकी सगळ्यांना उलट टपाली उत्तर जायचं, अगदी विम्याच्या एजंटालासुद्धा. हे एक पत्र मात्र अडतीस वर्षं जाड्या शब्दकोशात पडून होतं. एखादा शब्द नेमका त्या पानाच्या आसपास निघाला, तर गुरुजी तो शब्दच बदलून टाकत.

पत्र कसलं, दुरेघी वहीचं फाडलेलं पान. अक्षर चौथीतल्या शकूचं, आणि सांगणारी तिची आई तुळजाबाई.

'गुरुजींना नमस्कार. गुरुवारी मरियामाता आमच्या घरी यायची होती ती आली नाही. आमच्यात घट बसलेत म्हणून आईने घटाशेजारीच पाट मांडला होता. पाटावर नवा खण घातला होता. शेजारच्या बायका पण आल्या होत्या. दिवे लागल्यावर पण आम्ही वाट पाहिली. आई विचारते आमचं काही चुकलं का. शकुंतला संभाजी खांदवे.'

विश्रांतवाडीला सिस्टरांची मराठी प्राथमिक शाळा होती आणि गुरुजी तिथे चौथीला शिकवत. ऑक्टोबर हा ख्रिस्ती लोकांचा माळेच्या प्रार्थनेचा, म्हणजे रोझरीचा महिना. त्या महिन्यात वीतभर उंचीची मरियामातेची मूर्ती एका लाकडी पेटीतून रोज एका मुलाच्या घरी मुक्कामाला जायची. संध्याकाळी घरच्यांनी मिळून माळ म्हणायची, सकाळी पेटी शाळेत परत आणायची आणि सोबतच्या वहीत आईवडिलांनी दोन ओळी लिहायच्या, असा शिरस्ता. वर्गात निम्मी मुलं आसपासच्या शेतकऱ्यांची, हिंदू. मोठ्या सिस्टर म्हणाल्या होत्या, ज्याला न्यायची आहे त्याने हात वर करावा, जात-धर्म मी विचारणार नाही. शकूने दोन्ही हात वर केले.

यादी करायचं काम गुरुजींचं. शकूला गुरुवार मिळाला. त्या वर्षी नवरात्र ऑक्टोबरातच आलं, आणि बुधवारी गावातल्या घरोघरी घट बसले. गुरुजी रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले. खांदव्यांच्या घरात देवी बसलेली, आणि आपण तिथे आपली माता पाठवायची? संभाजी खांदवे म्हणजे तालमीतला गडी. शाळेच्या फाटकाशी येऊन चार लोकांत काही बोलला तर? गुरुवारी सकाळी त्यांनी पेटी दुसऱ्याच मुलीच्या हातात दिली आणि शकूला म्हणाले, "तुझं पुढच्या आठवड्यात बघू." शकूने मान हलवली. घरी जाऊन तिने काय सांगितलं, सांगितलं की नाही, देव जाणे. शनिवारी ते पत्र आलं.

गुरुजींनी उत्तर लिहायला घेतलं नाही असं नाही. अकरा मसुदे झाले. एक फार लांबला, एक फार कोरडा झाला. एकात बायबलची तीन वचनं आली तेव्हा त्यांनाच कसंतरी झालं. तोवर ऑक्टोबर संपला आणि मूर्ती कपाटात गेली. उन्हाळ्यात शकू पाचवीला दुसऱ्या शाळेत गेली. पुढे खांदव्यांच्या शेतात इमारती उठल्या, संभाजी वारला, शकू लग्न होऊन वारज्याला गेली. हे सगळं गुरुजींना ठाऊक होतं, कारण तुळजाबाई अजून विश्रांतवाडीतच राहत होत्या आणि रविवारी मंडईत दिसत. त्या दिसल्या की गुरुजी पिशवी सावरत कांद्याच्या ढिगामागे जात.

"अहो, त्या बाईला घाबरून तुम्ही कांदे किती घ्याल?" त्यांची बायको कुसुम म्हणायची. "घरात तीन आठवड्यांचे साठलेत."

सप्टेंबरातल्या एका दुपारी शाळेतल्या नव्या बाई श्यामला गुरुजींच्या घरी आल्या. वय तिशीच्या आतलं, माहेर कर्वेनगरचं, घरी दीड दिवसाचा गणपती. हातात एक्केचाळीस मुलांची यादी होती.

"सर, सिस्टर म्हणाल्या की माळेच्या महिन्याची यादी वर्षानुवर्षं तुम्ही करत होता. मला एवढंच विचारायचंय, की जी मुलं ख्रिस्ती नाहीत त्यांची नावं गाळू ना?"

"त्यांच्या घरी विचारलंत?"

"कशी विचारू? नको असलं तरी शाळेला नाही म्हणायचा संकोच वाटेल त्यांना. आणि हल्ली दिवस कसे आहेत बघताय ना. पालकांच्या ग्रुपवर कुणी एकाने काही टाकलं की संपलं. गाळलेलंच बरं. कुणाला वाईटही वाटणार नाही."

चहा आला, तो बशीत ओतून गुरुजींनी निववला आणि प्यायला विसरले. मग उठून त्यांनी शब्दकोश काढला आणि ते पान श्यामलाबाईंच्या हातात दिलं.

बाईंनी ते मोठ्याने वाचलं. 'आमचं काही चुकलं का' पाशी त्यांचा आवाज खाली आला.

"मग? काय उत्तर दिलंत?"

"दिलं नाही."

"कधीच?"

"अडतीस वर्षं झाली. शकूची आई अजून इथेच राहते."

"सर, गृहपाठ एक दिवस उशिरा आला तर तुम्ही बाकावर उभं करत होता म्हणे. अजून सांगतात लोक."

स्वयंपाकघराच्या दारातून कुसुमबाई म्हणाल्या, "घरात बाक नाही, नाहीतर मीच केलं असतं."

गुरुजी ओशाळून हसले. श्यामलाबाईंनी पान पुन्हा वाचलं. "पाट मांडला होता," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "माझ्या आईकडे मूर्ती आली असती ना, तर तिने पहिलं हे विचारलं असतं की यांना नैवेद्याला काय चालतं. पण सर, तुम्ही का नाही पाठवलीत? खरं कारण काय?"

"वाईट वाटेल त्यांना, म्हणून." हेच उत्तर ते इतकी वर्षं स्वतःला देत आले होते. पण थोड्या वेळापूर्वी तसंच कारण बाईंच्या तोंडून ऐकलं तेव्हा त्यांना ते पोकळ वाटलं होतं. आता स्वतःच्या तोंडून आलं तेव्हा तर जास्तच.

"त्यांना विचारलं होतंत?"

"नाही."

बाईंनी यादीची घडी घातली. "मी विचारते. चिठ्ठीच पाठवते घरोघरी: नेणार की नाही, आणि नाही म्हटलंत तरी चालेल. तुम्ही पण एक करा सर, त्या आजींना जाऊन भेटा."

"तोंडावर जमायचं नाही मला."

"मग लिहा. पण मसुदा करायचा नाही."

त्या गेल्या. ऊन अजून खिडकीत होतं. गुरुजींनी पोस्टातून आणलेलं एक आंतरदेशीय पत्र काढलं, पेनाचं टोपण उघडलं, आणि 'सौ.' लिहून थांबले. संभाजी वारला होता. 'सौ.' खोडून त्यांनी 'श्रीमती तुळजाबाई' केलं. पहिल्या शब्दालाच खाडाखोड. एरवी त्यांनी पत्र फाडलं असतं.

मनात जे होतं ते त्यांनी आजवर कुसुमलाही सांगितलं नव्हतं. नगरकडच्या त्यांच्या गावात, ते सहा-सात वर्षांचे असताना, वडील, गेनबा, गावच्या पाटलाच्या घरी निरोप घेऊन जायचे तेव्हा पास्कल बरोबर असायचा. दोघे उंबऱ्याबाहेर बसायचे. पाणी वरून ओंजळीत पडायचं. बाप्तिस्मा झाला म्हणून पाणी ओतणारा तो हात काही खाली आला नाही. खांदव्यांच्या घराचा विचार मनात आला तेव्हा गुरुजींना तोच उंबरा दिसला होता. त्यांना वाटलं, आपल्या मातेलाही हे लोक बाहेर बसवतील. संभाजीची भीती हे नुसतं वरवरचं निमित्त होतं. आणि मग पत्र आलं, त्यात घटाशेजारी मांडलेला पाट होता. ज्यांनी तिला देवीच्या शेजारी जागा केली त्यांच्याबद्दल आपण काय समजून बसलो, हे कुठल्या तोंडाने लिहायचं? म्हणून अकरा मसुदे झाले आणि एकही खरा नव्हता.

त्यांनी लिहिलं:

'श्रीमती तुळजाबाई यांस नमस्कार. तुमचं पत्र मला १९७४ साली मिळालं. उत्तर आज देतो आहे. तुमचं काही चुकलं नव्हतं. शकूचंही नाही. यादीत तिचं नाव होतं, ते मी टाळलं. मला वाटलं, तुमच्या घरात मरियामातेला उंबऱ्याच्या आत घेणार नाहीत. लहानपणी आम्ही उंबऱ्याबाहेर बसलेलो आहोत. पण तुम्ही आम्हाला कधी बाहेर बसवलं नव्हतं, आणि मी तुम्हाला न विचारता तुमच्यावर ते ढकललं. तुमच्या पाटाबद्दल वाचून मला फार लाज वाटली आणि त्या लाजेत मी गप्प बसलो. तुम्ही इतकी वर्षं स्वतःकडे दोष घेतला असेल तर तो आता सोडून द्यावा. मंडईत मी तुम्हाला पाहून लपतो, तेही सांगून टाकतो. पास्कल गेनबा त्रिभुवन.'

कुसुमबाई मागे येऊन उभ्या होत्या. चष्मा नाकावर खाली घेऊन त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. उंबऱ्याच्या ओळीपाशी त्यांचा हात गुरुजींच्या खांद्यावर आला आणि तिथेच राहिला.

"पुन्हा वाचून बघू का एकदा?" गुरुजींनी विचारलं. "ते 'ढकललं' जरा बरं नाही वाटत."

"अहो, वाचाल तर फाडाल. डिंक लावा."

त्यांनी डिंक लावला. पत्ता पाठ होता. चपला घालून ते कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले. टपाल काढायची वेळ साडेचारची होती आणि चार वाजून गेले होते. पाकीटवजा ते निळं पत्र पेटीच्या तोंडात अर्धं सरकवून ते क्षणभर तसेच उभे राहिले. मागून एक बाई म्हणाली, "काका, टाकताय का तुम्ही, की मी टाकू?"

"टाकतो," गुरुजी म्हणाले, आणि त्यांनी हात सोडला.