दाराशी ठेवलेले कप

शांती शोधायला जाताना आईला बरोबर नेऊ नये. नेलंच तर निदान तिच्या शेजारी बसू नये, हे मी आता कोणालाही लिहून द्यायला तयार आहे.

शांती मला हवी होती, तिला नव्हती. त्यासाठी मी बोटीतून ओकत ओकत एका बेटावर गेले होते. तिथे श्वास मोजायला शिकवायचे. मी मोजण्यात अशी चुरस केली की शेजारणीने जागाच बदलून मागितली. वाळवंटातल्या तंबूत राहिले, तर अंथरुणात उंदीर निघाला. सगळे त्याच्याकडे करुणेने बघत बसले आणि मी चप्पल शोधत होते. डोंगरावरच्या या केंद्रात तर मी याआधीही येऊन हात हलवत परत गेले होते.

माझं काम चष्म्याच्या काचा घासायचं. फिरत्या चाकावर काच धरायची आणि फ्रेममध्ये बसेपर्यंत तिची कड घासायची. केसभर जास्त घासली गेली की काच फुकट. त्यात माझा हात सहसा चुकत नाही. तोंड मात्र रोज सुटतं. गिऱ्हाईक असो, मालक असो, जिन्यात पाय पसरून बसलेला कोणी असो. मग घरी येऊन मी स्वतःलाच शिव्या घालते. ही आतली धुसफुस कुठेतरी नेऊन टाकता येत असणार, फक्त ती जागा मला अजून सापडलेली नाही, असं मी धरून चालले होते.

केंद्रात शिबिराच्या शेवटी एकाच माणसाला वर्षभरासाठी ठेवून घेतात. मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की या खेपेला मी नोकरी सोडून निघाले. मालक म्हणाले, "विचार करा. मी खुर्ची रिकामी ठेवणार नाही." मी म्हटलं, "ठेवूच नका."

भावाने आईला वर्षभर सांभाळायचं कबूल केलं होतं. पण निघायच्या तोंडावर त्याने हात वर केले. "शिबिरापुरतं तू बघ, नंतरचं मी बघतो," म्हणाला. आता ऐनवेळी मी आईला ठेवणार कुठे? मुकाट्याने तिची पिशवी भरली.

"तिथे बोलायचं नाही बरं का, आई."

"कुणाशी?"

"कुणाशीच."

"मग एवढ्या लांब कशाला जायचं? घरी तरी तू कुठे बोलतेस माझ्याशी?"

केंद्र म्हणजे एक बंद पडलेलं हॉटेल. लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, मधोमध विरलेला गालिचा. आम्हा दोघींना एक खोली मिळाली. दोन लोखंडी खाटा आणि एक बेसिन. बेसिनचा नळ गळत होता. मी त्याला रुमाल बांधला, तरी गळत होता. आल्याबरोबर प्रत्येकाच्या हातात पांढरा पत्र्याचा एक कप दिला. शिबिर संपेपर्यंत आपला कप आपण वापरायचा, आपणच धुवायचा. शेवटच्या सकाळी, ज्याच्या शेजारी बसून आपल्याला सगळ्यात शांत वाटलं, त्याच्या दाराशी तो ठेवायचा. स्वतःच्या दाराशी ठेवायचा नाही. ज्याच्या दाराशी जास्त कप, तो वर्षभर राहणार. मागच्या खेपेला माझ्या दाराशी एकच कप होता, आणि तो ठेवणारा थोड्या वेळाने येऊन "माफ करा, दार चुकलं" अशी खूण करून घेऊन गेला होता.

या वेळी मात्र मी कंबर कसली. कपाळावरच्या आठ्या आरशात बघून घालवल्या. जेवणाच्या रांगेत सगळ्यांना पुढे जाऊ दिलं, पाव संपला तरी हसले. सभागृहात पहिल्या ओळीत ताठ बसले. आणि आईने पहिल्याच बैठकीत मान टाकली.

गुडघ्यांमुळे तिला खुर्ची दिली होती. आम्ही सगळे जमिनीवर आणि ती माझ्या शेजारी खुर्चीत, हात मांडीवर ठेवून गाढ झोपलेली. घोरत नव्हती, पण नाकातून बारीक शिट्टी येत होती. त्या शिट्टीने माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. माझे पाय मुंग्यांनी भरायचे, पाठीला खाज यायची, मी इकडून तिकडे वळायचे आणि शिट्टी आपली चालूच. मी कोपराने ढोसलं की ती डोळे उघडायची, सगळ्यांकडे बघून गोड हसायची आणि पुन्हा झोपायची.

हळूहळू लोक तिच्या जवळ सरकायला लागले. एक दाढीवाला तर रोज तिच्या खुर्चीच्या पायाशीच बसायचा. एकदा तो हुंदके देऊन रडायला लागला. आईने वाकून त्याचा हात हातात घेतला आणि बैठक संपेपर्यंत सोडला नाही. शिबिर घेणारे मार्गदर्शक समोरून बघत होते. त्यांच्याही डोळ्यांत पाणी.

खोलीत आल्यावर मी कुजबुजत विचारलं, "काय केलंस तू त्याला?"

"काही नाही गं. दाढ दुखत असेल बिचाऱ्याची."

"आई, तो ध्यानात होता!"

"असेना. ध्यानात दाढ दुखत नाही का?" आणि मग म्हणाली, "ते मास्तर चांगले आहेत, पण त्यांना कुणीतरी स्वेटर द्यायला हवा."

मी उशीत तोंड खुपसलं. इतकी वर्षं मी देशोदेशी गुडघे मोडून बसते आहे, मला साधी जांभई सुखाने आली नाही. आणि ही बाई झोपा काढते, तर लोक तिच्या पायाशी बसतात! मला तिचा राग आला होता. त्याहून जास्त राग, मला राग येतो याचा आला होता.

शेवटच्या सकाळी मी माझा कप घेऊन बोळात उभी राहिले. कोणाच्या शेजारी मला शांत वाटलं होतं? प्रामाणिकपणे सांगायचं तर कोणाच्याच नाही. मग मी तो आमच्याच दाराशी ठेवला. खोली आईचीसुद्धा आहे, म्हणजे दार काही फक्त माझं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

आंघोळ करून परत आले तर दाराशी कपच कप. आत जायला पाय ठेवायला जागा नव्हती. मी खाली बसले, एकेका कपाला हात लावला. म्हणजे झालं! ओठ आवळून बसले, पावाशिवाय जेवले, त्याचं चीज झालं. लोकांना माझ्यातली शांती दिसली. मलाच तेवढी दिसत नव्हती. एवढं सुख मला आयुष्यात झालं नव्हतं.

जेवणाच्या दालनात मार्गदर्शकांनी मौन सुटल्याचं सांगितलं आणि माझ्याकडे बघून हसले. "एकाच खोलीपाशी सगळे कप आहेत. पण खोलीत दोघी आहेत. तेव्हा कप कोणासाठी होता, ते प्रत्येकाने सांगावं."

दाढीवाला उठला. "आजींसाठी."

त्याच्या शेजारचा उठला. "आजींसाठी."

टेबलाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत आजी, आजी, आजी. इतके दिवस गप्प राहिलेल्या माणसांना बोलायला हा एकच शब्द सापडला होता. माझी पाळी आली. सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्याच दाराशी ठेवलेला माझाच कप, आता काय सांगणार?

"आईसाठी," मी दात आवळून म्हटलं. लोक कौतुकाने मान डोलवायला लागले.

शेवटी आई. "माझा हिच्यासाठी," ती म्हणाली.

"हिच्याजवळ तुम्हाला शांत वाटतं, आजी?" मार्गदर्शकांनी विचारलं.

"शांत कसलं! पण ही शेजारी चुळबुळ करत असली की मला मस्त झोप लागते."

सगळे हसले. मग मार्गदर्शकांनी हात जोडून तिला वर्षभर राहायची विनंती केली. आई घाबरलीच. "नको हो. माझ्या घरी चांगली गादी आहे. हिला ठेवा ना. हिने नोकरी सोडलीय."

"जागा अशी दुसऱ्याला देता येत नाही, आजी."

तेव्हा माझा बांध फुटला. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. झोपेला समाधी म्हणता, म्हटलं. नळ गळतो तो दुरुस्त करा, म्हटलं. दाढीवाल्याला दाढ दाखवून ये म्हटलं. मार्गदर्शक शांतपणे ऐकत होते, त्याने मी आणखी पेटले. माझ्याच आवाजाने मला धाप लागली. मग पिशव्या उचलल्या आणि आईचा दंड धरून बाहेर पडले.

बसथांब्यावर आम्ही बाकावर बसलो. नोकरी नाही, जागा नाही, आणि मी जशी गेले तशीच्या तशी. "इतकं फिरले आई," मी म्हटलं, "सगळीकडे हेच घेऊन परत येते. मला एक क्षण गप्प बसता येत नाही. मी अशी का आहे?"

आई पिशवीच्या बंदाशी खेळत होती. "पोटात होतीस तेव्हापासून अशीच आहेस. नुसता धुडगूस. लाथा मारायचीस तेव्हाच मला झोप लागायची. थांबलीस की मी टक्क जागी."

"उलटं सांगतेयस तू."

"नाही गं. तुझ्या आधीचं फार शांत होतं. पोटावर हात ठेवून बसून राहायचे मी. शेवटी शेवटी तर अगदीच शांत झालं."

माझ्या आधी कोणी होतं, हे मला माहीत नव्हतं. घरात कोणी कधी बोललं नव्हतं. मी आईकडे बघितलं. ती रस्त्याकडे बघत होती.

"मग तू आलीस. आल्या आल्या असं भोकाड पसरलंस की सगळा दवाखाना गोळा झाला. नर्स तुला थोपटून गप्प करायला लागली. मी तिला म्हटलं, बाई, राहू द्या. गप्प नका करू तिला."

मला रडू फुटलं. मोठ्याने, थांब्यावरच्या सगळ्या माणसांदेखत. कोणीतरी पाण्याची बाटली पुढे केली, कोणीतरी "असं रडू नका" म्हणालं. आईने मला गप्प केलं नाही.