बाबा झोपलेत

आमच्या गल्लीच्या टोकाला एक घर होतं, तिथे सगळे कुजबुजत. बाप रात्रपाळीचा पहारेकरी, दिवसा झोपायचा. म्हणून त्या घरात भांडी फडक्यावर ठेवत, बिजागऱ्यांना तेल घालत आणि भांडणं इतक्या खालच्या आवाजात करत की आम्हा शेजाऱ्यांना वाटे, काय एकमताची माणसं आहेत! बाप वारला तेव्हाही मंडळी हळूच रडली. त्याच्या खोलीचं दार बंद झालं. झोप मात्र चालूच राहिली.

मुलगा पत्र्याच्या कारखान्यात होता. तिथे त्याला मुका म्हणत. वर्षानुवर्षं निमूटपणे पत्रे वाहिल्याबद्दल त्याला बढती मिळाली आणि तो प्रेसच्या पेडलवर आला. काम सोपं होतं. समोरचा माणूस साच्यात पत्रा बसवतो. पेडलवाल्याने ‘हात!’ म्हणून ओरडायचं, समोरच्याने हात काढायचे, मग पेडल दाबायचं. साचा खाली येतो तेव्हा तो पत्रा आणि बोट यांत भेदभाव करत नाही.

समोर टकल्या होता. पहिल्याच आठवड्यात त्याची दोन बोटं गेली.

फोरमनने मुक्याला बोलावलं. “हाक दिली होतीस?”

“दिली होती, साहेब. मोठ्याने.”

“दे बघू परत. तश्शीच.”

मुक्याने दिली. फोरमन कानामागे हात धरून वाट बघत राहिला.

“अरे, दे ना!”

“दिली, साहेब.”

ऑफिसातला पंखाही त्याच्यापेक्षा जास्त बोलत होता. पण मुका खोटं बोलत नव्हता. त्याच्या घरी ह्यालाच ओरडणं म्हणत. एवढ्या आवाजात घरात कुणी बोललं असतं तर आईने डोळे वटारले असते.

पेडलवर बसायला दुसरं कुणी तयार नव्हतं, त्यामुळे त्याची नोकरी टिकली. जखम भरल्यावर टकल्या परत आला आणि त्याच्याच समोर बसतो म्हणाला. “नव्या माणसाचा काय भरवसा? ह्याची निदान एक चूक करून झालीय.” मग त्याने जवळ येऊन हात पुढे केला. “पण बाबा रे, सोमवारपासून ओरड. आठच राहिलीत.”

रविवारी मुका घरी, बाहेरच्या खोलीत उभा राहिला. बायको भाजी निवडत होती.

“तू माझा आवाज ऐकलायस कधी?” त्याने विचारलं.

“नाही बाई.” तिने एक देठ मोडला. “माझाही विसरले. माहेरी मला भोंगा म्हणायचे. इथे आले, आणि पहिल्याच दिवशी वाटी पडली हातातून. त्यानंतर कशाला आवाज काढतेय!”

त्याने छाती भरून घेतली. तोंड उघडलं. काही आलं नाही. पुन्हा प्रयत्न केला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की ओरडायच्या आधी आपली मान आपोआप बापाच्या खोलीकडे वळते. दार बघते, परवानगी मागते, आणि ती मिळत नाही. तो तिथेच उभा राहून स्वतःच्या मानेवर पाळत ठेवू लागला. वळली की म्हणायचा, वळली बघ. आत कोणी नाही. तरी ती वळायचीच. आयुष्यभराची सवय, सांगितल्याबरोबर थोडीच ऐकते! बायकोची भाजी निवडून झाली, चिरून झाली. मग एकदा मान वळली, दार दिसलं आणि तरीही तो ओरडला.

“हात!”

आवाज त्याचाच होता, पण अगदी बापासारखा.

स्वयंपाकघरात काहीतरी आपटलं. तो धावला. आई ओट्याखाली बसली होती. दोन्ही हात डोक्यावर, कोपरं पुढे. फार सरावाने बसल्यासारखी.

“मी नाही,” ती म्हणाली. “पोरांनी केला आवाज. नाही, नाही, पोरांनी नाही, मीच केला.”

“आई, मी आहे.”

तिने कोपरं हळूहळू खाली घेतली.

“मारायचे?” त्याने विचारलं.

“झोपमोड झाली की,” आई कुजबुजली. “एरवी चांगले होते. झोपेत तर फारच चांगले.”

ह्यावर हसावं की काय करावं, हे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. बायकोने आईला उठवलं. मुका ओट्याला धरून उभा होता. ज्याला तो आजवर बापाविषयीचा आदर समजत होता, त्याची कोपरं त्याने आज पाहिली होती.

सोमवारी तो ओरडला. पहिल्या हाकेला अख्खी शेड वळून बघायला लागली. “हळू रे, बोटं गेलीत, कान नाही गेले!” टकल्या म्हणाला, पण खूश होता. हाक, हात, पेडल. हाक, हात, पेडल. दुपारपर्यंत कधी न वापरलेला घसा फाटून गेला आणि नुसती हवा येऊ लागली.

मुक्याने पेडलवरून पाय काढला.

टकल्याचे दोन्ही हात साच्यात होते. वाकडा बसलेला पत्रा तो सरळ करत होता, मान खाली घालून. मागून फोरमन आला. माल उशिरा चाललाय म्हणून सकाळपासून पिसाळला होता.

“थांबलास का? दाब!”

मुक्याने वळून घशाकडे बोट दाखवलं.

“दाब म्हणतोय ना! कळत नाही?”

तोच आवाज. तसाच वरून येणारा. मुक्याचे खांदे आपोआप वर आले आणि पाय पेडलकडे निघाला. हुकूम ऐकणारा, शहाण्या मुलाचा पाय. मुक्याने तो जाताना पाहिला. मग दोन्ही हातांनी मांडी धरली आणि पाय बाजूला नेऊन जमिनीवर ठेवला, दुसऱ्याचा असल्यासारखा.

“नाही,” तो म्हणाला. ऐकू कुणालाच गेलं नाही, पण ओठांवरून फोरमनला कळलं.

“मग ऊठ. चालता हो. परत येऊ नकोस.”

मुका उठला. फोरमनच्या ओरड्याने टकल्याने मान वर केली. त्याने हात साच्यातून काढले, उजेडात धरले आणि बोटं मोजायला लागला. मुका ती मोजून होईपर्यंत थांबला, मग दाराकडे निघाला.