अकराव्या दिवसाचा लाल बलक

"कोंबडीच्या पोटी जाते झेंडूची पाकळी,
अंडं फोडता उगवे सकाळ पिवळी..."

चिकपेटच्या घराच्या परसात कोंबड्यांना दाणे टाकताना कस्तुरीची आत्या गुणगुणायची. ती जाऊन वीस वर्षं झाली. पण मल्लेश्वरमच्या त्या सभागृहात कस्तुरीच्या कानांत तोच आवाज घुमत होता, आणि मान काही वर होत नव्हती.

मंचावर भास्करस्वामींनी अंडं फोडलं. बशीत तांबडाबुंद बलक! मावळतीचा सूर्यच जणू. शेकडो हात जोडले गेले.

"माझ्या कोंबड्या अकरा दिवस मंत्र ऐकतात," स्वामी म्हणाले, "तेव्हा सूर्यनारायण त्यांच्या पोटात उतरतो. रोज एक अंडं खा, साखर पळाली म्हणून समजा! इन्सुलिनची सुई द्या कचऱ्यात टाकून."

कस्तुरीच्या शेजारणीनं, वसुमतीअक्कांनी, ती खरंच टाकली होती. आता त्यांच्या पायाचा अंगठा काळा पडत चालला होता.

"अक्का, डॉक्टरकडे चला ना," कस्तुरी त्यांच्याकडे वाकून कुजबुजली.

"स्वल्प थांब गं. रंग बघितलास? असं अंडं मिळतं का कुठं?"

कुठं मिळतं ते कस्तुरीला ठाऊक होतं. तीन महिने तिनं ते उत्तर गिळलं होतं. आज मात्र ती डबा घेऊन मंचावर चढली.

"ही माझ्या गच्चीवरच्या दोन कोंबड्यांची अंडी. खुराडी शेजारशेजारची."

तिनं दोन्ही फोडली. पहिल्याचा बलक फिकट निघाला. "अय्यो, याला तर अशक्तपणा आलाय!" कुणीतरी ओरडलं. दुसऱ्याचा मात्र स्वामींच्या बलकासारखाच लाल.

"बघा! माझी कृपा हिच्या गच्चीपर्यंत पोचली!" स्वामी हसले. टाळ्या पडल्या.

"मग शेजारच्या कोंबडीनं कृपेचं काय घोडं मारलं होतं?"

हशा पिकला. कस्तुरी बोलतच राहिली. "पहिली तांदळाच्या कण्या खाते. दुसरीला अकरा दिवस स्वामींच्या फार्मवरचं खाद्य घातलं. त्यात सोयाबीनचं तेल असतं, तेलात झेंडूचा आणि लाल मिरचीचा अर्क. रंग तेलात विरघळतो, तेलाबरोबर कोंबडीच्या अंगात मुरतो, बलकात उतरतो. बलक पुरता रंगायला दहा-अकरा दिवस लागतात. मंत्र म्हणा नाहीतर शिव्या द्या, तो लालच होणार! अंडं खुशाल खा, पण रंग म्हणजे औषध नव्हे. माझंही ऐकू नका. घरी दोन कोंबड्या पाळा, करून बघा, मगच विश्वास ठेवा."

"माझ्या फार्मवरचं खाद्य तुला काय ठाऊक?" स्वामी गरजले.

कस्तुरीनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. मंचावरून उतरून ती पहिल्या रांगेत पाय लांबवून बसलेल्या अक्कांसमोर गुडघ्यांवर टेकली.

"अक्का, ते खाद्य आमच्या कारखान्यातून जातं. गडद रंग यांनी मागितला, नि तेला-अर्काचं माप मी लिहून दिलं. तुम्ही सुई टाकलीत, त्या दिवशीही मला सगळं माहीत होतं. नोकरी जाईल म्हणून गप्प बसले. ऑटो खाली उभी केलीय... चला."