दोष आढळून आलेला नाही

‘सखोल तपासणीअंती पडद्यात कोणताही दोष आढळून आलेला नाही, सबब वॉरंटीअंतर्गत दुरुस्तीची विनंती नाकारण्यात येत आहे.’

लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवलेला तो पिवळा कागद तळहाताहून लहान होता आणि त्याचा एक कोपरा सुटून वर आला होता... अंगठ्याने तो कोपरा दाबून धरत त्याने वाक्य पुन्हा वाचलं. सखोल. किती खोल — विहिरीएवढं की बशीएवढं? तपासणीअंती — म्हणजे तपासणीला कुठेतरी सुरुवात झाली होती, हे आपण गृहीत धरायचं. आणि ‘आढळून आलेला नाही’! दोष नाही, असं म्हणायची छाती नाही. तो आम्हाला भेटायला आला नाही, एवढंच. सापडलं नाही म्हणजे नव्हतंच, असं एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधात लिहिलं असतं, तर मार्गदर्शक म्हणून त्याने तो प्रबंध जराही न रागावता परत केला असता — त्या पोराला जन्मभर पुरेल अशा थंडपणाने.

खाली तीन सह्या. तंत्रज्ञ, पर्यवेक्षक, व्यवस्थापक. पहिल्याने न पाहता लिहिलं, दुसऱ्याने पहिल्याचं पाहून, तिसऱ्याने दुसऱ्याचं. एकाच पोथीवरून उतरवलेल्या तीन पोथ्या म्हणजे तीन साक्षी नव्हेत, साक्ष एकच — हे तो पहिल्याच तासाला शिकवत असे. जुन्या हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहण्यात त्याची हयात गेली होती. नक्कल करणाऱ्यांची ही कुळी त्याला पुरती ठाऊक होती. समोर लिहिलंय ना, मग बरोबरच असणार...

“सर, आमच्या साइडने ओके आहे,” सर्व्हिस सेंटरच्या काउंटरमागचा टायवाला म्हणाला. टाय त्याच्या शर्टापेक्षा वयाने मोठा असावा.

“तुमच्या बाजूने काय आहे, ते मी विचारलेलंच नाही. उजवीकडे मधोमध ओळ झुकते आणि तिथली अक्षरं करडी होतात. हा दोष आहे की अलंकार?”

टायवाल्याने पडद्यावर चौकटींची जाळी आणली. पांढऱ्यावर काळ्या, उभ्या-आडव्या रेषा. “दाखवा सर, कुठे?”

त्याने बोट ठेवलं. तिथे जाळी आत ओढल्यासारखी झाली होती, ओल्या कापडाला चिमटीत धरावं तशी.

“मला तर सरळ दिसतेय.”

“त्यासाठी आधी पाहावं लागतं.”

मागे रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. टायवाल्याचे कान लाल झाले. त्याने गिऱ्हाइकाशेजारी पर्स सांभाळत उभ्या असलेल्या त्याच्या बायकोकडे मोर्चा वळवला. “मॅडम, तुम्हाला दिसतंय का वाकडं?”

“मला बाई यातलं काय कळतंय,” ती म्हणाली.

“घरी हिने दहादा पाहिलंय,” तो म्हणाला. आणि ते खरंच होतं. त्याने हाक मारली की ती हात पुसत यायची, त्याच्या खांद्यावरून वाकायची, “हो की” म्हणायची आणि जायची.

सरळ रेघ ही गोष्टच आताशा कुणाला येईनाशी झाली होती. न्हाणीघरातल्या फरशांच्या सांध्यांना पोक आलं होतं. गवंडी जाऊन कितीतरी वर्षं लोटली होती, पण बेफिकिरी अशी उशिराच उघडी पडते. सुताराने नव्या दाराची चौकट वाकडी बसवली आणि वर तोंड करून ओळंबा लावून दाखवला, तर त्या ओळंब्याची दोरीच मध्ये वाकलेली! असली हत्यारं घेऊन ही मंडळी घरं बांधतात. मग छापखाना — त्याच्या संपादित ग्रंथाच्या शेवटच्या खंडाची मुद्रितं त्याने ‘ओळी सरळ लावण्यास शिकावे’ एवढा एकच शेरा मारून परत धाडली, तेव्हा मुद्रकाने नवी पानं पाठवली, तीही तशीच. अर्धा खंड अजून तपासायचा राहिलाय. तो माझ्याखेरीज कुणी तपासू शकणार नाही, आणि मला अडवतंय कोण, तर वाकड्या हातांचं, मठ्ठ, सह्याजीराव जग...

लॅपटॉप काखोटीला मारून तो बाहेर आला. वाहनतळाच्या कडेला सिमेंटचा बाक होता. ग्राहक न्यायालयात जायचं, हे त्याने पायऱ्या उतरतानाच ठरवून टाकलं होतं.

“कागद काढ. लिही. मी, तक्रारदाराची पत्नी, स्वतः प्रत्यक्ष पाहून शपथेवर सांगते की...”

तिने ‘पत्नी’पर्यंत लिहिलं. मग पेन थांबलं.

“लिही ना.”

“अहो, आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ या का?”

“कुणाच्या डोळ्यांच्या?”

तिने पेनला टोपण लावलं.

“तुला दिसत होतं. तू हो म्हणाली होतीस.”

“घरात म्हणायला काय जातंय! शपथेवर कशी लिहू?”

त्याचा हात डाव्या डोळ्याकडे निघाला — एक डोळा झाकून पाहायला कितीसा वेळ लागतो? — आणि वाटेतच बेत बदलून केसांवरून फिरला. समोरच्या इमारतीच्या खिडक्यांकडे त्याने पाहिलं नाही. डोळे... ठीक आहे, डोळ्यांचं काहीतरी करता येतं, चष्मे असतात, शस्त्रक्रिया असतात. पण हिचं ‘हो’... ते ‘हो की’ त्याने ऐकलं होतं किती ठिकाणी? भाजीत मीठ बरोबर आहे ना — हो. पाहुण्यांना माझं बोलणं आवडलं ना — हो. हे सगळं गेलं उडत... आणि मग ती दुपारची खोली. दोन खुर्च्या. तो एक पोथी मोठ्याने वाचतोय, ती मांडीवर दुसरी पोथी धरून बोटाने ओळ पुढे नेतेय. प्रत्येक ओळीच्या शेवटी तो थांबतो — जुळतंय? आणि ती म्हणते, हो. खंडामागून खंड, ओळीमागून ओळ. दुसऱ्या पोथीवर नजर होती ती तिची एकटीचीच. ज्या पाठभेदांच्या जोरावर त्याने इतरांची संपादनं भर सभेत फाडून हातात दिली, ते तिने ‘नाही’ म्हटलं तेव्हाच सापडलेले होते. आणि तिने ‘हो’ म्हटलं तिथे त्याने मान वर करून पाहिलंही नव्हतं.

साक्षीदाराची उलटतपासणी कशी घ्यावी, हे त्याला उत्तम येत होतं. आता मात्र प्रश्न ओठांवर आला तेव्हा त्याला कळलं, की आपल्याला उत्तर नको आहे... आयुष्यात पहिल्यांदाच नको आहे.

“आणि पोथ्या ताडताना?” त्याने विचारलं. “तेव्हाचं हो?”

तिने पेन पर्समध्ये टाकलं. मग त्याच्याकडे न पाहता, उद्याच्या दुधाचं सांगावं तशा आवाजात म्हणाली,

“बहुतेकदा जुळायचंच हो. कुठे नाही जुळलं, तर आधी सांगायचे मी. पण तुम्ही त्या ओळीवर खूश असलात की मग नाही सांगायचे.”