पलीकडच्या स्टेशनावरची गाडी

बालिंगानला गाडी सुरू झाली त्या दिवशी रोसेंदाने खानावळ उघडलीच नाही. डोकं दुखतंय म्हणून पडून राहिली. नदीपलीकडून भोंगा ऐकू आला तसा नवरा तिबुर्सियो अंगणातून म्हणाला, "आली बघ."

"आली असेल. माझ्या दारात आलीय का?"

फिलिपाइन्समधल्या बिकोलचा हा जुना लोहमार्ग वादळांनी मोडून पडला होता. गाड्या बंद झाल्यावर तिबुर्सियो त्याच रुळांवर बांबूची ढकलगाडी चालवायचा. माणसं, भाताची पोती, शाळेची पोरं, सगळं वाहायचा. दुरुस्ती निघाली तशी ढकलगाडीवर बंदी आली. त्यांच्या हिनागदा गावाच्या स्टेशनाला रंग लागला, नवी बाकं आली. रोसेंदानेही हौसेने हमरस्त्यावरची चालती खानावळ उचलून स्टेशनसमोर आणली. मग पुरात नदीवरच्या पुलाचे खांब खचले. एक कंत्राटदार गेला, दुसरा आला, तोही गेला. नागा शहराहून निघालेली गाडी नदीपलीकडच्या बालिंगानलाच थांबून माघारी फिरू लागली.

आणि बालिंगानला राहायची तिची धाकटी बहीण लुदी. "मनाय, गाडीच्या भरवशावर राहिलीस तर चूल विझेल तुझी," असं आपल्या मनायला, थोरल्या बहिणीला, चिडवणारी. तिच्याच घरासमोर गाडी उभी राहिली. लुदीने अंगणात टेबलं मांडली नि बसल्या जागी तिचा धंदा लागला.

मासळीवाली सांगायची, "लुदीकडे उभं राहायला जागा नसते. नारळाच्या दुधातलं अळू काय करते गं ती."

ते अळू आईने शिकवलं होतं रोसेंदाला. लुदी तेव्हा पेरूच्या झाडावर असायची.

वस्तीच्या प्रमुखाने, कपितानने, सभा बोलावली. पूल होईपर्यंत इथून नदीपर्यंत जीपनी ही प्रवासी जीपगाडी, पुढे होडी, आणि पलीकडे गाडी, अशी त्याची योजना होती. लोक माना डोलावत असतानाच रोसेंदा उठली.

"कपितान, त्यांच्या स्टेशनाची सवय लागली तर आपला पूल कोण बांधणार? वरचे म्हणतील, यांचं भागतंय की. आम्हाला आमची गाडी हवी. दुसऱ्याच्या दारची नको."

टाळ्या पडल्या. जीपनी बारगळली. बोलण्यात तथ्य होतंच. पण बोलताना तिच्या डोळ्यांपुढे पूल नव्हता. होडीतून उतरून लुदीच्या टेबलांकडे वळणारी हिनागदाची माणसं होती.

शेजारच्या निकानोरला रक्त शुद्ध करून घ्यायला वरचेवर नागाला जावं लागे. डोंगराला वळसा घालून जाणाऱ्या बसने तो पार पिळून निघायचा. एकदा परतताना तो तिच्या बाकावर टेकला. पेजेचे दोन चमचे घेऊन त्याने वाटी बाजूला सारली.

"बरं बोललीस तू सभेत," तो म्हणाला. "पूल झालाच पाहिजे."

यापेक्षा त्याने शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात लुदी होडीने आली. उभ्या उभ्याच म्हणाली, "जीपनीसाठी कपितानच्या मागे मी लागले होते."

"गिऱ्हाईक वाढवायला."

"ते तर वाढणारच. पण तू यावीस म्हणूनही. मला एकटीला झेपत नाही, मनाय. अळूतलं दूध फाटतं माझं."

"म्हणजे तुझ्या चुलीपुढे राबू मी?"

"अर्धा धंदा तुझा म्हणणार होते. तू बोलू देशील तर ना." लुदीचा आवाज खाली आला. "खरं सांग. तिथे दुसऱ्या कुणाची खानावळ असती, तर सभेत उठली असतीस?"

रोसेंदा स्वच्छ टेबल पुसत राहिली. लुदी होडीकडे निघून गेली.

सकाळी रोसेंदा कपितानच्या दारात उभी राहिली. "जीपनी सुरू करा."

"परवा तर तूच—"

"पूल हवाच आहे. पुलासाठी भांडायला मी पुढे असेन. पण तोवर निकानोरला बसमध्ये मारू नका."

जीपनी सुरू झाली. पहिल्या फेरीला ती निकानोरला धरून पलीकडे गेली, त्याला गाडीत खिडकीपाशी बसवलं, आणि मग लुदीकडे वळली. पातेल्यात डोकावली. दूध खरंच फाटलं होतं, आणि तरी लोक मिटक्या मारत खात होते. तिच्या जिवाची तलखी झाली.

"सरक," ती लुदीला म्हणाली. "जाळ कमी कर आधी. दिवसाआड येईन. माझ्या स्टेशनाला गाडी आली की मी माझी."

दुपारच्या गाडीतून उतरलेल्या एका गिऱ्हाइकाने ताटली निपटून पुसली. "लुदी, आज अळू फक्कड जमलंय."

"आमच्याकडे रोजच जमतं," गल्ल्यावरून लुदी हसत म्हणाली.

चुलीपुढे रोसेंदाचा हात थबकला. ओठावर आलेलं बोलणं तिने कसंबसं गिळलं आणि पुढचा नारळ खवायला घेतला.