पेन्सिलीएवढी धार

आयली कोस्केलाचा नळ रडतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तो रडताना ऐकलेला माणूस मात्र एकही नव्हता.

हार्डवेअरच्या दुकानात मी एकोणीस वर्षं गल्ल्यापाशी उभी आहे. वॉशर विकता विकता ते बसवायलाही शिकले, कारण नेणाऱ्यांपैकी निम्मे लोक दुसऱ्या दिवशी तोच वॉशर हातात घेऊन परत यायचे आणि "हा नेमका जातो कुठे?" असं विचारायचे. म्हणून त्या बुधवारी सकाळी आयलीचा फोन आला तो मलाच.

"मर्ना, येतेस का गं? रॉडनी आलाय. त्याच्यासमोर ऐक. ऐकू आलं तर सांग. आणि नाही आलं तरी सांग, खोटं बोलू नकोस."

रॉडनी तिचा मुलगा. अठ्ठावन्न वर्षांचा, तिकडे वाळवंटातल्या फिनिक्सला शाळेत गणित शिकवतो. गेले तीन आठवडे आई फोनवर सांगत होती की स्वयंपाकघर हंबरतं, भिंत थरथरते, कपाटातल्या बश्या वाजतात. त्याने गणित मांडलं: वय चौऱ्याऐंशी, एकटी, भिंती हंबरतात. मग अकरा मैलांवरच्या वृद्धाश्रमात एक खोली धरून ठेवली आणि कागद घेऊन विमानात बसला. खोली शुक्रवारपर्यंतच धरून ठेवणार होते. आयलीला त्या घरातून हलायचं नव्हतं. एवढीच गोष्ट होती, आणि ती सगळी त्या नळावर येऊन टेकली होती.

मी पोचले तेव्हा बाहेर तापमान उणे एकोणीस होतं. आयलीने कॉफी आणि वेलदोड्याचा पाव आधीच मांडून ठेवला होता, जणू मी पंच होते आणि मला फितवायचं होतं.

"बघा," रॉडनीने नळ फर्रकन पूर्ण उघडला. पाणी धो धो आलं. आवाज काही नाही. "काल दुपारपासून वीसदा तरी उघडला असेल. आतून मांजरसुद्धा ओरडलं नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्ही तिच्या मैत्रीण आहात. तुम्हीच समजवा तिला."

"हळू बोलायची गरज नाही रे," आयली म्हणाली. "मी वेडी आहे, बहिरी नाही. एका वेळी एकच काय ते ठरव."

मी नळ बंद केला आणि आमच्याकडे हिवाळ्यात जेवढा ठेवतात तेवढाच उघडला. पेन्सिलीएवढी धार. खाली फडकं घातलं, म्हणजे पाणी टपटपत नाही. "आता बसा," म्हटलं. "कॉफी प्या."

चार मिनिटं झाली. सात झाली. रॉडनीने घड्याळ पाहिलं. आयलीने पावाचे इतके बारीक तुकडे केले की ते चिमण्यांच्याही उपयोगाचे राहिले नाहीत.

आणि मग आला. आधी एक बारीक कण्हणं, कुणीतरी पोटात दुखतंय म्हणून दात आवळावेत तसं. मग ते वाढत वाढत हंबरडाच झाला. सिंकखालचा पाईप थरथरायला लागला, भिंत बोलायला लागली, कपाटात बश्या एकमेकींवर वाजल्या. रॉडनी खुर्चीतून उठला आणि दोन पावलं मागे सरकला.

 आयलीचे डोळे भरले होते आणि चेहऱ्यावर मात्र अशी ऐट, की बघत राहावं.

मी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक नळाच्या मानेवर टेकवून मूठ कानाला लावली. खडखड तिथेच होती. नळ पूर्ण उघडला की पाणी वॉशरला मागे दाबून धरतं, मग तो गप्प. थोडाच उघडला की सैल वॉशर धारेत फडफडतो, आणि एकदा त्याला लय सापडली की सगळं घर त्याच्याबरोबर नाचतं. तळघरात जाऊन मी मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, वर येऊन नळाची मूठ काढली, आतला दांडा, स्पिंडल, बाहेर घेतला. वॉशरचा स्क्रू झिजून अर्धा झाला होता आणि वॉशर बटणासारखा कडक. दोन्ही नवे घातले. तळघरात पाईप तुळईपासून सुटून लोंबत होता, तिथे खाली जाड लोकरी नमद्याचा तुकडा देऊन पट्टी ठोकली. पंचवीस मिनिटांचं काम. पुन्हा पेन्सिलीएवढी धार सोडली आणि तिघंही अर्धा तास बसून राहिलो. नळाचा चकार शब्द नाही.

"मा," रॉडनी म्हणाला, "माझं चुकलं."

"चुकलंच," आयली म्हणाली. "पाव खा."

त्याने कागद बॅगेत परत घातले. मी निघाले तेव्हा धार चालू होती आणि मी स्वतःवर फार खूश होते.

इथे मी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ती धार कशासाठी, हे मी रॉडनीला सांगितलं नाही. आमच्या गावात ते कुणी कुणाला सांगत नाही. मोठी थंडी पडली की नगरपालिका दारोदार पिवळा कागद अडकवते: पुढचा हुकूम येईपर्यंत एक नळ दिवसरात्र चालू ठेवा. रस्त्याखालचं पाणी हलतं राहिलं तर गोठत नाही. पण हे सुरू झालं ते रस्ता खणून खाली घेतला तेव्हापासून. पाईपावरची माती कमी झाली त्याला वीस वर्षं झाली, आणि रॉडनी गेला त्याला चाळीस. त्याला वाटलं, ती बारीक धार म्हणजे माझी आवाज पकडायची युक्ती.

गुरुवारी सकाळी फोन आला. "मर्ना, पाणी गेलं."

गेले तर नळ हाताने हलेना. फडकं गुंडाळून पान्याने फिरवावा लागला, इतका आवळलेला. उघडल्यावर आतून हवासुद्धा आली नाही. सिंक घासून पुसून लख्ख होतं आणि भांडी ओळीने पालथी घातलेली. आयली अशी भांडी लावत नाही. ती एकावर एक रचते आणि देवावर सोडते.

नगरपालिकेचा माणूस आला, त्याने तपासलं. "रस्त्याखाली गोठलंय. तुमच्याआधी त्रेपन्न घरं आहेत. आणि तुमचा मधला तुकडा प्लास्टिकचा, त्यातला बर्फ विजेने वितळवता येत नाही. मे महिना धरून चाला." मग वहीत लिहिता लिहिता म्हणाला, "नळ बंद कुणी केला, आजी? धार चालू असती तर हे झालं नसतं."

रॉडनी तेवढ्यात डोनटचा खोका घेऊन दारात आला होता. त्याने सगळं ऐकलं. त्याची नजर नळाकडे गेली आणि तिथेच राहिली.

"मी केला," आयली म्हणाली. "झोपायला जाताना. विसरले बाई."

मी तिच्या हातांकडे पाहिलं. संधिवाताने बोटं आल्याच्या गाठींसारखी झालेली. तिच्या जॅमच्या बरण्या उघडायला दर रविवारी मी जाते.

"असू दे, मा," रॉडनी म्हणाला. त्याचे खांदे खाली आले. त्याला आठवलं होतं की नव्हतं, हे मला आजही ठाऊक नाही. पण त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

तो गाडीत कागद आणायला गेला तेव्हा मी म्हटलं, "आयली, मी सांगते त्याला."

"काय सांगणार?"

"खरं ते. मेनंतर तुम्ही परत येऊ शकता. पण नळ विसरणारी बाई म्हणून गेलात तर तो हे घर ठेवणार नाही."

"परवा दोनदा सांगितलं मी त्याला, की धार बंद करायची नाही. तेव्हा मी वेडी होते ना. नंतर शहाणी ठरले त्या आनंदात परत सांगायचं राहिलं. पूर्वी नळ रडायचा थांबला की कळायचं मला, कुणीतरी बंद केलाय ते. काल गप्प होता, मी म्हटलं, हं, मर्नाने चांगलं काम केलंय." तिने एप्रन सारखा केला. "त्याला हे फिनिक्सपर्यंत न्यावं लागेल, आणि मग आयुष्यभर. मला काय, अकरा मैलच जायचंय."

"आणि मला?"

"तू इथलीच आहेस. तू नेशील."

शुक्रवारी मी घर थंडीसाठी बंद केलं. पाईप रिकामे केले, सिंकच्या आणि संडासाच्या वळणात न गोठणारं गुलाबी औषध ओतलं. आयली कोट चढवून गाडीत बसली होती, पुढच्या काचेकडे बघत. रॉडनीने दाराला कुलूप लावलं आणि माझा हात दोन्ही हातांत धरला.

"नळाचं काम मात्र छान केलंत," तो म्हणाला. "अगदी आवाज नाही."

"वॉशर नवा आहे," मी म्हटलं, आणि मफलर तोंडावर ओढून घेतला.