वरून पडलेली उंची

मी एक बुटका वाटाणा. आता वाळून काडी झालोय, काचघराच्या कोपऱ्यात काठीला बांधलेला आहे. तरी दोन शब्द बोलून घेतो.

बुटकेपणा आमच्या घराण्यातलाच. खोड उंच करणारं जिबरेलिन नावाचं हार्मोन आमच्यातही बनतं, पण शेवटच्या पायरीवर अडतं. शर्ट बेतून, शिवून तयार. काजं-बटणं करणारा तेवढा कामचुकार, तसं. ते शेवटचं काम ज्या जनुकाच्या हुकमाने चालतं, तेच आमचं बिघडलेलं. म्हणून खोडाची पेरं मोजायला उंच वाटाण्यांइतकीच, पण आखूड. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मला तसं कशाचंच फारसं वाटत नाही.

मला वाढवलं इथल्या संशोधक बाईंनी. आम्हा बुटक्यांच्या दोन रांगा होत्या. एकीच्या शेंड्यांवर हार्मोनचा थेंब, दुसरीच्या शेंड्यांवर नुसत्या स्पिरिटचा, फरक कळावा म्हणून. मी स्पिरिटवाल्या रांगेत. थेंब घालताना बाईंनी मोबाइल खांद्याने कानाशी दाबून धरला होता. परगावच्या नवऱ्याचा आवाज बाहेरपर्यंत येत होता आणि मला चोंबडेपणाची सवय.

"अगं, कंत्राटी नोकरीत किती घासणार? ये निघून."

"एवढं एक काम हाती लागू दे रे. मग सर मुदत वाढवतील."

बोलण्याच्या नादात ड्रॉपर भलत्याच बाटलीत बुडाला. हार्मोन पडलं ते माझ्या डोक्यावर. बाईंना पत्ताच नाही.

बघता बघता माझी पेरं ताणली. शेजारचे वीतभर, आणि मी काठी मागतोय!

"सर, ह्याला औषध नाही घातलेलं! ह्याचं जनुकच सुधारलं असणार!"

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "बी पेरून बघा. पोरं उंच निघाली तर तुमची नोकरी राहिली. नाहीतर मी तरी काय करणार?"

तेव्हापासून बाई मला "राजा" म्हणायला लागल्या. पाणी घालताना पानावरची धूळसुद्धा पुसायच्या. माझी उंची वरून पडलेली होती, ती बियांत उतरणार नव्हती. पण सांगायला मला तोंड कुठे?

बी पेरलं, उगवलं. बाई पट्टी घेऊन वाकल्या. सगळे बुटके.

"अगं, उंचाचं बी शेजारच्या डब्यात आहे," त्यांची सहकारीण हळूच म्हणाली. "टोच चार दाणे. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना." बाई स्टुलावर टेकल्या. "थेंब माझ्याच हातून पडला असणार. फोनवर होते मी."

त्या सरांकडे जाऊन हेच सांगून आल्या. मग माझ्याशेजारी उभं राहून नवऱ्याला फोन लावला.

"येतेय मी... नाही रे, रडत नाहीये. काही वाटतच नाहीये, तेच तर."

दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत.

माझी पोरं ट्रेमध्ये आहेत. फुलं धरलीत त्यांनी. त्यांना उंच करायच्या भरीस कुणी पडलं नाही तरी चालेल. पाणी मात्र घाला हो. जो तो समजतोय, दुसरा घालतोय.